काखेतल्या गाठी, लोखंडाचे कण आणि जिल्ह्याच्या गावातली बाई

आजची पोस्ट लांब आहे आणि विषय थोडा शास्त्राचा आहे. पण सरकारी योजना, जिल्ह्याचं हॉस्पिटल आणि आपल्या घरातल्या बायका या तिन्हींशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो. "पूर्ण काढावं लागेल का हो डॉक्टर?" हा प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच ऑपरेशनमध्ये काखेत काय करणार, हे कुणीच विचारत नाही. नवरा विचारत नाही, मुलगा विचारत नाही आणि बाईला तर विचारायची सोयच नसते. पुढची वीस वर्षं ती बाई घरात आणि शेतात काय काम करू शकेल, ते मात्र बऱ्याच अंशी काखेतल्या त्या कापाकापीवर ठरतं.

आधी साध्या भाषेत सांगतो. स्तनातला कॅन्सर पसरतो तेव्हा तो बहुतेक वेळा आधी काखेतल्या लसिका ग्रंथींमध्ये जातो. आपण त्यांना गाठी म्हणू. पूर्वी रीत अशी होती की गाठ स्तनात आहे ना, मग काखेतल्या गाठीही सरसकट काढून टाका. दहा निघतील, पंधरा निघतील, वीसही निघतील. त्या तपासायच्या आणि कॅन्सर तिथे पोचला होता की नाही ते ठरवायचं. बऱ्याच बायकांच्या काखेत काहीच सापडत नाही. म्हणजे गाठी चांगल्या होत्या, उगाच गेल्या.

आता या गाठी काही शोभेला नसतात. हातातलं पाणी, म्हणजे लसिका, त्यांच्यातून वाहून परत रक्तात जातं. नालीच तोडली तर पाणी तुंबणारच. हात सुजतो. कधी ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. २०१३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचात एकीला हातसूज आली होती. फक्त एक-दोन गाठी काढून तपासलेल्या बायकांमध्ये हेच प्रमाण साधारण अठरात एक होतं.

पाचात एक, हा आकडा कागदावर लहान दिसतो. बातम्यांच्या निमित्ताने जिल्ह्यात फिरताना अशा बाया भेटतात. एका हातात बांगड्या, दुसरा हात मोकळा, कारण बांगडी चढत नाही. ब्लाउजची एक बाही शिंप्याकडून उसवून घेतलेली. खुरपणीला जायचं तर काटा लागायची भीती, कारण सुजलेल्या हाताला साधी जखम झाली तरी हात लालबुंद होऊन ताप चढतो. मग मजुरी बुडते. कॅन्सरमधून वाचलेली बाई घरच्यांच्या हिशेबात 'कामाची राहिली नाही' या खान्यात जाते. हे वाक्य मी कानांनी ऐकलेलं आहे.

यावरचा उपाय नवा नाही, तीस वर्षं जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्जन लोकांनी असा विचार केला की स्तनातून निघालेलं पाणी काखेत आधी ज्या गाठीत पोचतं, तीच शोधून काढली तर? तिला सेंटिनल नोड म्हणतात, म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखी गाठ. पहारेकरी सुरक्षित असेल तर गावात चोर शिरलेला नाही असं समजायचं आणि बाकीच्या गाठींना हात लावायचा नाही. हे धाडस बरोबर आहे का, हे ५,६११ बायकांवरच्या मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. २०१० मध्ये त्याचा निकाल आला. पहारेकरी गाठ चांगली निघाली आणि काख सोडून दिली तरी जगण्यात फरक पडला नाही. तेव्हा काख चाचपून आणि सोनोग्राफीत चांगली दिसत असेल तर आधी पहारेकरी तपासा, ही आज जगभर मान्य पद्धत आहे.

मग अडतं कुठे? पहारेकरी ओळखायचा कसा, इथे. चरबीत लपलेल्या वाटाण्याएवढ्या गाठींमधली पहिली कोणती, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी निळा रंग आणि किरणोत्सारी टेक्नेशियम टोचतात आणि काखेवर यंत्र फिरवून शोधतात. या टेक्नेशियमचं आयुष्य फार कमी. दर सहा तासांनी त्याची ताकद निम्मी होते. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, प्रशिक्षित माणूस लागतो, कचऱ्याची वेगळी व्यवस्था लागते. हे मुंबई-पुण्यात आहे, नागपुरात आहे. आपल्या जिल्ह्यांच्या गावात बहुतेक ठिकाणी नाही. आणि हा माल जगात मोजक्या अणुभट्ट्यांतून येतो. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची एक भट्टी बंद पडली तर जगभरातल्या हॉस्पिटलांत तुटवडा झाला होता. तिथे आपल्या तालुक्याचं काय घेऊन बसलात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोखंडाचे कण.

लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे गंजाच्याच घराण्यातला पदार्थ, त्याचे इतके बारीक कण करायचे की केसाच्या जाडीत हजाराहून जास्त शेजारी शेजारी बसतील. त्यांच्यावर साखरेच्या जातीच्या पदार्थाचं आवरण चढवायचं, म्हणजे ते पाण्यात मिसळून राहतात, एकमेकांना चिकटत नाहीत. इतक्या बारीक लोखंडाचा एक गुण असतो. जवळ चुंबक आणला की तो कण स्वतः चुंबक होतो, चुंबक दूर केला की विसरून जातो. शाळेतली पोरं आठवा. प्रार्थनेची घंटा झाली की रांगेत उभी, घंटा संपली की चौफेर. हा विसरभोळेपणाच कामाचा आहे. कायमचे चुंबक असते तर ते शरीरात एकमेकांना ओढून गुठळ्या झाल्या असत्या.

हे कण स्तनात टोचले की ते लसिकेबरोबर वाहत पहारेकरी गाठीत जाऊन बसतात. मग सर्जन हातात पेनासारखं यंत्र घेऊन काखेवर फिरवतो. आपल्याकडे मंदिराच्या दारात धातू शोधायचं यंत्र असतं, त्याच्याच जातीचं. लोखंड जवळ आलं की आवाज वाढतो. कण साठल्याने गाठही तपकिरी-काळी दिसते. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या हॉस्पिटलांत १६० बायकांवर ही पद्धत जुन्या पद्धतीच्या शेजारी ठेवून तपासली. २०१४ मध्ये निकाल आला. जुन्या पद्धतीने ९५ टक्के बायकांमध्ये पहारेकरी सापडला, चुंबकी कणांनी ९४.४ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरी. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीला मंजुरी दिली.

आता विचार करा. अणुभट्टी नको, परवाना नको, सहा तासांचं घड्याळ नको. बाटली कपाटात राहते. इंजेक्शन ऑपरेशनच्या काही दिवस आधीही देता येतं. असं तंत्र कुणासाठी जास्त उपयोगाचं? ज्या शहरात न्यूक्लिअर मेडिसिनचे पाच विभाग आहेत त्याच्यासाठी, की ज्या जिल्ह्यात एकही नाही त्याच्यासाठी?

उत्तर सरळ आहे. आणि तरीही हे तंत्र आपल्याकडे सगळ्यात शेवटी येणार, हेही तितकंच सरळ आहे. माझा आक्षेप इथे आहे.

कारण या लोखंडी कणांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विज्ञान चाललं, पण धंदा चालला नाही, की माल गायब. १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी असं एक औषध मंजूर झालं होतं. खप कमी म्हणून २००८ च्या सुमारास कंपनीने ते बनवायचं थांबवलं. युरोपात मंजूर झालेलं दुसरं औषध त्याच काळात तिथल्या बाजारातून गेलं.

तिसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. २००३ मध्ये बोस्टनचे डॉ. मुकेश हरिसिंघानी आणि नेदरलँड्सच्या नायमेगन शहरातले डॉ. येले बारेंट्स यांच्या गटाने 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ८० रुग्ण होते. त्यांना असे कण शिरेतून दिले आणि एमआरआय काढला. चांगल्या गाठीतल्या पेशी हे कण गिळतात, म्हणून ती गाठ चित्रात काळी दिसते. कॅन्सरने व्यापलेला भाग कण गिळत नाही, तो पांढरा राहतो. नंतर गाठी काढून तपासल्या तेव्हा ६३ गाठींमध्ये कॅन्सर निघाला. त्यातल्या ४५ गाठी आकाराने इतक्या लहान होत्या की नेहमीच्या तपासणीत त्या 'चांगल्या' म्हणून सुटल्या असत्या. ज्या ज्या माणसाच्या गाठीत कॅन्सर होता तो प्रत्येक माणूस या तपासणीने बरोबर ओळखला.

असं औषध तर डोक्यावर घेऊन नाचायला हवं होतं ना? पण २००५ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने मंजुरीच्या विरोधात कौल दिला, पुरावा अपुरा म्हणून. तो त्यांचा अधिकार होता आणि औषधाच्या बाबतीत कडक असावंच. पण पुरावा अपुरा असेल तर आणखी चाचण्या करायच्या असतात, आणि त्या करायला पैसा लागतो. २००७ मध्ये युरोपातला अर्जही मागे घेतला गेला. औषध बाजारात आलंच नाही. शेवटी नायमेगनच्या विद्यापीठ रुग्णालयाने ते पुन्हा बनवून घेतलं आणि स्वतःच्या रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. कंपनीने सोडलेलं काम एका सार्वजनिक संस्थेने उचललं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

याचं कारण आर्थिक आहे आणि ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बीपीची गोळी माणूस रोज घेतो, तीस वर्षं घेतो. रोग शोधणारं औषध माणूस आयुष्यात एकदा किंवा दोनदा घेतो. चाचण्यांचा खर्च मात्र दोन्हींना डोंगराएवढा. मग कंपनी कुठे जाईल? त्याच जातीच्या लोखंडी कणांचं एक औषध आजही अमेरिकेत चालतं, पण ते २००९ मध्ये मंजूर झालं रक्तक्षयासाठी. म्हणजे लोखंड म्हणून विकलं तर गिऱ्हाईक आहे, दिवा म्हणून विकलं तर नाही.

नायमेगनचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण 'दिसणं' म्हणजे काय हे तिच्यातून कळतं. तिथे त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांना त्यांच्याच शरीरातल्या प्रतिकारपेशी बाहेर वाढवून परत टोचायचा प्रयोग चालू होता. पेशी थेट लसिका गाठीत टोचायच्या होत्या, म्हणजे त्या कॅन्सरविरुद्ध बाकीच्या फौजेला जागं करतील. सोनोग्राफीवर बघत बघत अनुभवी डॉक्टर सुई लावत होते. या वेळी त्यांनी पेशींना आधी लोखंडी कण खाऊ घातले, म्हणजे एमआरआयवर त्यांचा माग लागेल. २००५ मध्ये निकाल छापला. आठपैकी चार रुग्णांमध्ये पेशी गाठीत गेल्याच नव्हत्या, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या.

निम्म्या रुग्णांत सुई चुकली आणि कण नसते तर कुणाला पत्ताही लागला नसता. निष्कर्ष काय निघाला असता? 'उपचार चालत नाही.' उपचार चालतो की नाही हे कळायच्या आधी तो योग्य जागी पोचला का, हे कळावं लागतं.

ही गोष्ट आपल्याकडच्या 'स्टेम सेल'च्या जाहिरातींना लावून बघा. गुडघेदुखी, ऑटिझम, पॅरालिसिस, सगळ्यावर एकच इंजेक्शन आणि बिल लाखांत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी मान्य असलेलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीतच करायचा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा असं कुणी सांगितलं तर दोनच प्रश्न विचारा. पेशी टोचल्या त्या गेल्या कुठे आणि त्या जिवंत आहेत हे कशावरून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर लोखंडी कणसुद्धा पुरतं देत नाहीत, कारण पेशी मेली तरी कण तिथेच राहतात आणि सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. चित्रात डाग दिसत राहतो. इतका साधा प्रामाणिकपणा संशोधक बाळगतात. विकणारे कुठून बाळगणार?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकाराला नवीन खेळणं सापडलं.

एक, हे कण निर्दोष नाहीत. स्तनात टोचले की कातडीवर तपकिरी डाग पडू शकतो आणि तो बरेच महिने राहतो. नंतर त्या स्तनाचा एमआरआय काढायची वेळ आली तर उरलेल्या कणांमुळे चित्र खराब होतं. ऑपरेशनच्या वेळी लोखंडी अवजारं बाजूला ठेवावी लागतात, नाहीतर यंत्र त्यांनाच बघून ओरडतं. शिरेतून द्यायच्या लोखंडी औषधाबद्दल २०१५ मध्ये अमेरिकेने गंभीर ॲलर्जीचा ठळक इशारा दिला, कारण काही मृत्यू झाले होते. स्तनात थोडं टोचणं आणि शिरेतून मोठा डोस देणं यात फरक आहे, पण 'लोखंडच तर आहे, त्यात काय' असं म्हणून चालणार नाही.

दोन, पहारेकरी शोधायचा दुसरा मार्गच नाही असंही नाही. निळा रंग स्वस्त आहे. फ्लोरोसीन नावाचा पिवळा रंग निळ्या दिव्याखाली चमकतो, त्यावर आपल्या देशातच काम झालं आहे. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी तर काखेतल्या फक्त खालच्या भागातल्या गाठी काढून तपासायची पद्धत अभ्यासून छापली आहे. तिला ना किरणोत्सार लागतो ना चुंबक, फक्त शिकलेला हात लागतो. त्यामुळे माझा आग्रह चुंबकाचा नाही. काख उगाच रिकामी होऊ नये, एवढाच आहे.

तीन, गाठ शोधली तरी ती तपासणार कोण? ऑपरेशन चालू असताना अर्ध्या तासात गाठ तपासून सांगणारा पॅथॉलॉजिस्ट आणि गोठवून काप काढायचं यंत्र, हे किती जिल्ह्यांत आहे? नसेल तर रिपोर्ट आठवड्याने येणार आणि गरज पडली तर बाईचं दुसरं ऑपरेशन. लांबून आलेल्या बाईच्या घरचे म्हणतात, "एकदाच काय ते सगळं काढून टाका." सर्जनलाही तेच सोपं वाटतं. मी त्या सर्जनला दोष देणार नाही. हाताशी काही नसताना तो सुरक्षित मार्ग धरतो. दोष त्याच्या हाताशी काही न देणाऱ्यांचा आहे.

चार, परदेशात आता याच्याही पुढची चर्चा चालू आहे. लहान गाठ असेल आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असेल तर पहारेकरी सुद्धा काढायची गरज नाही, असं सांगणाऱ्या मोठ्या चाचण्या २०२३ आणि २०२४ मध्ये आल्या. छान गोष्ट आहे. पण आपल्याकडची बाई येते तेव्हा गाठ लहान असते का? लाज, घरकाम, सुगी, पोरीचं लग्न, एवढं सगळं उरकून ती दवाखान्यात पोचते. काहींच्या काखेत कॅन्सर तोवर हाताला लागण्याइतका पोचलेला असतो. अशा वेळी सगळ्या गाठी काढणं गरजेचं असू शकतं आणि त्याला कुणी नाही म्हणू नये. प्रश्न मधल्या बायकांचा आहे. ज्यांची काख चाचपून चांगली लागते, पण तरी रिकामी केली जाते.

या बायका थोड्याथोडक्या नसाव्यात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. बायकांमध्ये हा आता पहिल्या नंबरचा कॅन्सर आहे.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, महात्मा फुले जन आरोग्य योजना. पाच लाखांचं कवच दिलं म्हणून फ्लेक्स लागले, चांगलं आहे. आता आमदार-खासदारांनी एक साधा प्रश्न विचारावा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये पहारेकरी गाठ शोधण्याला आणि तपासण्याला योजनेच्या दरपत्रकात स्वतंत्र आणि परवडेल असा दर आहे का? कमी कापण्यासाठी जास्त वेळ आणि साहित्य लागतं. सगळं काढण्याचे आणि एक शोधण्याचे पैसे सारखेच मिळत असतील तर काय निवडलं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि हातसुजेवरचा फिजिओथेरपीचा, पट्टीचा, घट्ट बाहीचा खर्च कुठे धरलाय? तो बाईच्या खिशातून जातो, म्हणून तो सरकारच्या हिशेबात दिसत नाही.

दुसरी, तुलना करा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे उपचारांचा खर्च आणि फायदा तोलून बघणारी यंत्रणा आहे. तिच्याकडून चुंबकी कण, पिवळा रंग, निळा रंग आणि टाटाची पद्धत, चारही शेजारी ठेवून जिल्ह्यांतल्या मेडिकल कॉलेजांत अभ्यास करून घ्या. जिल्ह्यात असं काही होत नाही असं म्हणू नका. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, मुंबईत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू कमी होतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवरच्या अभ्यासातून. त्या अभ्यासात ज्यांची तपासणी झाली नाही त्या गटावरून नैतिक वादही झाला, तोही धडा म्हणून घ्यायचा. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला उत्तर दिलं. जगातलं उत्तर त्यांच्यापर्यंत कधी येणार?

तिसरी, कण इथेच बनवा. हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मुंबईत प्रा. धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने चुंबकी नॅनोकणांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्या कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅन्सरच्या उपचारासाठी अशाच कणांवर शोधनिबंध लिहिले. २००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशन काढलं, पाच वर्षांसाठी १००० कोटींची तरतूद केली. निबंध भरपूर निघाले. बाईच्या काखेपर्यंत किती पोचले, हा हिशेब कुणीतरी मागायला हवा.

आणि 'प्रयोगशाळेतून कारखान्यात जायला वीस वर्षं लागतात' हे कारण मला सांगू नका. २०२० मध्ये कोरोनाच्या चाचणीसाठी नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढायचे किट परदेशातून मिळेनात, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने 'चित्रा मॅग्ना' नावाचं किट तयार केलं. त्यातही आरएनए पकडतात ते चुंबकी नॅनोकणच. काही आठवड्यांत ते देशी कंपनीमार्फत बाजारात आलं. शरीरात टोचायचं औषध आणि नळीत वापरायचं किट यांचे नियम वेगळे आहेत, औषधाला वेळ लागणारच. नॅनो औषधं कशी तपासायची याची नियमावली २०१९ पासून आपल्याकडे छापून तयार आहे. म्हणजे माणसं आहेत, नियम आहेत, अनुभव आहे. निकड तेवढी वाटत नाही. कोरोना मंत्रालयाच्या दारात आला होता. सुजलेला हात मंत्रालयात जात नाही.

चौथी गोष्ट आपल्या हातातली. घरात, शेजारी, नात्यात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला शांतपणे विचारा. "काखेतल्या सगळ्या गाठी काढणार का, की आधी पहिली गाठ तपासणार? सगळ्या काढणार असाल तर कशामुळे?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. कारण पटलं तर पुढे जा. नाही पटलं तर रिपोर्ट घेऊन दुसरं मत घ्या, आठ-दहा दिवसांनी सहसा आभाळ कोसळत नाही, पण महिने घालवू नका. आणि ऑपरेशन झाल्यावर हाताचे व्यायाम शिकून घ्या, हात जड वाटायला लागला तर लगेच दाखवा. सूज सुरुवातीला आवरता येते, जुनी झाली की अवघड.

'नॅनो' हा शब्द आपल्याकडे आधी गाडी म्हणून आला, मग युरियाच्या बाटलीवर आला. बाटलीचा पिकाला किती उपयोग यावर शेतकऱ्यांत आणि शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ती बाटली प्रत्येक तालुक्याच्या कृषी केंद्रात पोचली, हे मात्र खरं. म्हणजे पोचवायचं ठरवलं तर पोचवता येतं.

जिल्हा नियोजनाच्या बैठका होतात, त्यात रस्ते येतात, सभागृहं येतात, स्वागत कमानी येतात. पुढच्या बैठकीत कुणीतरी उठून विचारावं, की आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरची किती ऑपरेशनं झाली, त्यातल्या किती जणींची काख पूर्ण रिकामी केली आणि त्यातल्या किती जणींच्या गाठी चांगल्या निघाल्या? तीनच आकडे आहेत, हॉस्पिटलच्या कागदात असतात. माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. तुमच्या जिल्ह्यात तुम्ही टाका. उत्तर आलं की इथेच मांडू.

डॉक्टर मित्रांनी यात काही दुरुस्ती सुचवली तर स्वागत आहे, खाली लिहा.